दवा, दुआ आणि सरकारी दवाखाना

आमच्या बऱ्हाणपूरच्या शाळेत संविधानाची उद्देशिका हिंदीतून पाठ करून घेत. तिच्यात भारत हे 'पंथनिरपेक्ष' गणराज्य आहे. पुढे शिक्षणाच्या निमित्ताने दक्षिणेकडे आलो आणि मराठी पाठ्यपुस्तकात तीच उद्देशिका वाचली, तेव्हा तेथे 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आढळला. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने इंग्रजी मसुद्यात जो एक शब्द घातला, त्याची दोन भाषांत ही दोन रूपे झाली. पहिल्यातून राज्य कोणत्याही एका पंथाचे नाही एवढेच सूचित होते; दुसऱ्यातून राज्याला धर्माशी काही कर्तव्यच नाही असाही ध्वनी काढता येतो, आणि पुष्कळजण तो काढतात. घटनापंडितांना हा भेद किरकोळ वाटेल. परंतु सरकारी दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाच्या दृष्टीने तो किरकोळ नाही, असे माझे मत आहे व तेच येथे मांडावयाचे आहे.

दवाखान्यात गेलेला माणूस डॉक्टरांना जे प्रश्न विचारतो ते बहुधा ठरलेले असतात. आजार कोणता, बरा होईल का, खर्च किती येईल? रात्री वॉर्डातले दिवे मंद झाल्यावर उशाशी बसलेल्या बायकोला, शेजारच्या खाटेवरील अनोळखी माणसाला किंवा नुसत्या छताला तो जे विचारतो ते प्रश्न वेगळे. हे माझ्याच वाट्याला का आले? मी कोणाचे काय वाईट केले होते? मी गेल्यावर पोरांचे कसे व्हायचे? या प्रश्नांची उत्तरे केसपेपरवर लिहिता येत नाहीत. म्हणून ते कोणी विचारलेलेच नाहीत असे गृहीत धरून आमचे दवाखाने चालतात. या दुसऱ्या प्रश्नांची दखल घेण्यालाच वैद्यकशास्त्रात आध्यात्मिक शुश्रूषा असे म्हणतात. 'आध्यात्मिक' हा शब्द आपल्याकडे वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. बुवा, शिबिरे, प्रवचने असे बरेच काही त्याला चिकटले आहे. या लेखापुरता त्याचा अर्थ मर्यादित आहे. आजारी माणसाला आपल्या जगण्यामरण्याचा अर्थ लावण्याची जी निकड भासते ती, मग तो अर्थ तो देवात शोधो की नातवंडांत.

ज्यांनी बऱ्हाणपूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. तापीच्या काठचे हे गाव खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी; पुढे मोगलांचे दक्षिणेकडील मोठे ठाणे. १९५६ पर्यंत ते नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होते, राज्यपुनर्रचनेनंतर भोपाळकडे राहिले, आणि २००३ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. गावाचे नाव सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडले. पलीकडच्या काठावरील जैनाबादचे, त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्यावरून. दोघांच्याही कबरी खुलदाबादेस आहेत. निजामुद्दीन औलियांच्या ज्या चिश्ती परंपरेतील हे संत, त्याच परंपरेतील गुलबर्ग्याचे बंदेनवाज. तेव्हा आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील वाचकांनाही हे घराणे परके वाटू नये. शहरात हिंदू आणि मुसलमान जवळजवळ निम्मे निम्मे. यंत्रमागांच्या खडखडाटात एकाच गल्लीत मराठी, हिंदी आणि उर्दू ऐकू येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे.

अशा गावात आजारपण आणि श्रद्धा यांची फारकत कधी झालीच नाही. १७३० साली निवर्तलेले अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांच्या दर्ग्यावर दाऊदी बोहरा यात्रेकरू देशोदेशींहून येतात. गावात युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. तेथे जो हकीम तयार होतो, त्या 'हकीम' शब्दाचा मूळ अरबी अर्थ शहाणा, ज्ञानी असा आहे. वैद्य हा अर्थ त्याच्याच पोटात आला. आपला 'वैद्य' शब्दही 'जाणणे' या धातूपासूनच निघाला आहे. एवढ्यावरून कोणी 'आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' असा निष्कर्ष काढू लागेल, म्हणून लगेच त्याच गावातली दुसरी गोष्ट सांगतो.

१६३१ च्या जून महिन्यात बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. मूल जगले, आई गेली. मृत्यूचे कारण बहुधा अतिरक्तस्राव. हिंदुस्थानच्या बादशहाची ती राणी. दरबारी हकीम हाताशी होते, दुआ चालू होत्या. मुलगी जहाँआरा हिने आईच्या जिवासाठी दानधर्म केला असेही सांगतात. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि डिसेंबरात तिचा देह आग्ऱ्यास नेला. लोक ताजमहाल पाहून हळहळतात; मला मात्र ही कथा प्रसूतिविभागाची वाटते. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, रक्ताची बाटली आणि शिकलेले हात हवेत. ते नसतील तर राणीचीही सुटका नाही. ज्या तालुक्याच्या गावी आज रक्तपेढी नाही तेथे आध्यात्मिक शुश्रूषेची भाषा बोलणाऱ्याने आधी रक्तपेढी मागावी.

याच कारणासाठी या विषयातील संशयवाद्यांशी माझे भांडण नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः वैद्यकीचे पदवीधर होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्र घालणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची चाल आहे. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रमवजा झोपडीला आग लागली. साखळदंडांनी बांधून ठेवलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आली, ती अशा राखेतून.

परंतु त्याच तामिळनाडूतील दुसरी एक नोंदही वाचण्यासारखी आहे. बंगळूरच्या निम्हान्समधील मानसोपचारतज्ज्ञांनी एका देवळात मुक्कामास आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी केली आणि ती २००२ साली एका प्रतिष्ठित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात, औषधाविना, त्यांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली. तेथे साखळ्या नव्हत्या, मारहाण नव्हती. घरचे माणूस सोबत, हलकीसलकी कामे, आणि आपल्याला कोणी हाकलणार नाही ही खात्री. संशोधकांनी याचे श्रेय चमत्काराला दिले नाही. त्या आश्वासक वातावरणाला दिले. मग असे वातावरण आमच्या सरकारी वॉर्डात का नसावे, एवढाच माझा सवाल आहे.

ते नसते याचा एक साधा नमुना सांगतो. आमच्या गल्लीतील एका यंत्रमाग कामगारावर एका मोठ्या शहरातील दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. त्याच्या दंडावर आईने बांधलेला ताईत होता. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. शस्त्रक्रियेपूर्वी वॉर्डबॉयने कात्रीने तो दोरा कापला आणि खालच्या बादलीत टाकला. अंगावर दोरा, दागिना काही नको हा नियम योग्यच आहे; जंतुसंसर्गाला ताईत आणि घड्याळ यांतला फरक कळत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, माणूस आज मागावर उभा राहतो. पण आजाराचा विषय निघाला की तो टाक्यांविषयी बोलत नाही, बादलीविषयी बोलतो. मुक्ताईनगरच्या यात्रेला जाणाऱ्या एखाद्या वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ अशीच कापली गेली तर त्यालाही वेगळे वाटणार नाही. एक कागदी पाकीट, त्यावर नाव, आणि ते केसपेपरला टाचणीने लावणे: खर्च काही पैशांचा. येथे कोणी त्या ताईताच्या सामर्थ्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा नाही. तो माणूस ठेवतो, एवढे ध्यानात ठेवावे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की जेथे खाटेवर दोन-दोन रुग्ण आणि जमिनीवर तिसरा, तेथे हे चोचले कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर या शुश्रूषेच्या इतिहासातच मिळते. सिसिली सॉन्डर्स ही इंग्लंडमधील बाई आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाली. १९६७ साली तिने लंडनमध्ये मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषालय काढले. बाई सश्रद्ध ख्रिस्ती. पण दार सर्वांना उघडे, नास्तिकांनाही. माणसाची वेदना शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची अशी एकत्र असते, हा विचार तिचाच. तथापि तिने सुरुवात प्रार्थनेने केली नाही, घड्याळाने केली. कर्करोगाच्या रुग्णाला कळ असह्य झाल्यावर मॉर्फिन देण्याऐवजी कळ परत येण्याआधीच ठरलेल्या वेळी द्यावे, हा तिचा आग्रह होता. ज्याचे हाड आतून पोखरले जात आहे त्याला जीवनाच्या अर्थाविषयी विचारणे ही क्रूर चेष्टाच होय.

आणि आपल्याकडे काय घडले? १९८५ साली अंमली पदार्थांचा कायदा झाला. हेतू व्यसने रोखण्याचा. परंतु परवाने इतके किचकट झाले की दवाखान्यांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले. दुकानदार ठेवीना, डॉक्टर लिहीना, आणि डॉक्टरांच्या एका पिढीला ते कसे द्यावे हेच शिकवले गेले नाही. २०१४ साली दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. यातील विपर्यास आम्हा मध्यप्रदेशीयांना विशेष बोचावा. आमच्याच राज्यात नीमच-मंदसौरकडे शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. नीमचला केंद्र सरकारचा अफू व अल्कलॉइडचा कारखाना आहे. ज्या राज्याच्या शेतातून हे औषध निघते त्याच राज्यातील रुग्णाला 'आता घरी न्या, सेवा करा' असे सांगून नुसत्या पॅरासिटामोलवर परत पाठवण्यात येत असेल तर त्याला अध्यात्म शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची या बाबतीतील धरसोड मोठी बोधप्रद आहे. १९४८ च्या तिच्या व्याख्येत आरोग्य हे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असे तीन अंगांचे. १९८४ साली तिच्या सभेने आध्यात्मिक अंगाचे महत्त्व मान्य करणारा ठराव केला. १९९८ मध्ये तो शब्द थेट व्याख्येतच घालावा अशी सूचना कार्यकारी मंडळाकडून आली. १९९९ च्या सभेत ती बाजूला ठेवली गेली. शब्द कोणाचा, त्याचा अर्थ कोण ठरवणार, हा पेच मुत्सद्द्यांना सुटला नाही. मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेच्या व्याख्येत मात्र तो शब्द कायम आहे. तेथे बहुधा वाद घालण्यास कोणाला सवड नसते.

तोच पेच आपल्याकडे अधिक तीव्र आहे. ही शुश्रूषा करणार कोण? इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत यासाठी पगारी धर्मोपदेशक असतात. पूर्वी पाद्री, आता मुसलमान आणि हिंदूही, आणि कोणताही धर्म न मानणारेसुद्धा. हॉलंडमध्ये सुरिनामहून आलेल्या हिंदूंसाठी हिंदू सल्लागार आहेत. ही व्यवस्था उचलून बऱ्हाणपुरात आणावी असे मी म्हणणार नाही. कोणत्या पंथाचा पंडित, कोणत्या जमातीचा मौलवी, जैनांचे काय, कोरकूंचे काय, या वादातच पद रिकामे राहील. शिवाय कोणत्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कर देण्यास कोणाला भाग पाडता येत नाही, असे घटनेचा २७ वा अनुच्छेद सांगतो.

दुसरा धोका याहून मोठा. खाटेवरील माणूस दुबळा असतो, आणि दुबळ्याशी धर्माविषयी बोलताना बोलणाऱ्याच्या हाती नकळत सत्ता येते. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय काढले. त्याने आपल्या या सीमाभागावर केलेले उपकार कोणी नाकारणार नाही. पण मिशनच्या दवाखान्यांविषयी जो संशय समाजात होता तोही खोटा म्हणून झटकता येत नाही. मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर करण्यास कायद्याने बंदी घालावी असे सुचवले होते. ख्रिस्ती समाजाने अहवाल एकांगी ठरवला, आणि त्यातील सर्वच मला पटते असेही नाही. एवढे मात्र पटते की रुग्णाची खाट ही मतपरिवर्तनाची जागा नव्हे. हाच नियम इतरांनाही लागू करावयास हवा. आपल्याकडील अनेक सरकारी दवाखान्यांच्या आवारात मारुतीचे वा देवीचे लहानसे देऊळ असते. सकाळी तेथून ध्वनिवर्धकावर आरती सुरू होते. तिला कोणी 'धर्म' म्हणत नाही, ती 'आपली पद्धत' असते. त्याच वॉर्डातील मुसलमान बाईला नमाजासाठी चटई कोठे पसरावी हे विचारण्याचा संकोच वाटतो, आणि देव न मानणाऱ्या मास्तरांना उशी कानावर ओढून घ्यावी लागते. याला निरपेक्षता म्हणणे कठीण आहे, मग शब्द हिंदीतला घ्या की मराठीतला.

तेव्हा पगारी उपदेशक नको, आणि उपदेश तर नकोच. हवे ते कान. परिचारिकांच्या शिक्षणात जखम कशी बांधावी याबरोबर रडणाऱ्या माणसाजवळ न बोलता कसे बसावे हेही शिकवता येते. रुग्ण दाखल होताना नाव, वय, व्यवसाय विचारतात, त्यात एक प्रश्न वाढवावा: 'आम्ही ध्यानात ठेवावे असे तुमचे काही नेमधर्म आहेत का?' 'नाही' हे उत्तरही तितक्याच आदराने लिहून घ्यावे. या एका प्रश्नाने किती अनर्थ टळेल याचे उदाहरण म्हणजे रमजान. मधुमेहाचा रुग्ण डॉक्टर रागावतील म्हणून रोजा लपवतो, सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतो किंवा मुळीच घेत नाही, आणि दुपारी साखर उतरून चक्कर येऊन पडतो. आधी कळले तर मात्रा आणि वेळ बदलता येते. जेथे उपवास धोक्याचाच असेल तेथे आजाऱ्याला रोजातून सूट आहे हे मौलवींनी सांगितलेले तो मानतो; पांढरा कोट घातलेल्या माणसाने सांगितलेले मानत नाही. एकादशीच्या आणि पर्युषणाच्या उपवासांचीही हीच तऱ्हा. मेळघाटात भुमकांना सोबत घेऊन त्यांच्याकडील रुग्ण दवाखान्यात पाठवण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत हेच शहाणपण होते.

माणसे कोठून आणावयाची, या शंकेला केरळने उत्तर दिले आहे. १९९३ साली कालिकतला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन आठवड्यातून काही तास अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरण जाहीर केले. केंद्राचा कार्यक्रम २०१२ साली आला, पण कागदावरून गल्लीत येण्यास अशा शेजाऱ्यांची गरज असते. बऱ्हाणपुरात मोहल्ले आहेत, मंडळे आहेत, उरुसाला आणि गणपतीला हजार हात गोळा होतात. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले रस्ते झाडतात आणि झाडे लावतात. त्यांपैकी चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या खाटेशी तासभर बसावे, त्याला हवे ते वाचून दाखवावे, भजन, कुराण वा वर्तमानपत्र. बसणाऱ्याची निवड म्हाताऱ्याने करावी.

राहिला शेवटचा भाग. माणूस दवाखान्यात गेला की त्याच्या घरच्यांना घाई असते. मुसलमानांत दफन शक्य तितक्या लवकर करावयाचे असते, हिंदूंतही पुष्कळ घरी मढे रात्रभर ठेवण्यास मन धजत नाही. प्रकरण अपघाताचे असेल तर शवविच्छेदनाशिवाय देह मिळत नाही, आणि ते सूर्यास्तानंतर होत नाही म्हणून नातेवाईक रात्रभर शवागाराबाहेर बसून राहतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा जुना दंडक शिथिल केला. खून, आत्महत्या, बलात्कार वा घातपाताचा संशय अशी प्रकरणे वगळता, जेथे पुरेसा उजेड व सोयी आहेत अशा दवाखान्यांत रात्रीही शवविच्छेदन करता येते. त्यासाठी लागणारे दिवे, चित्रीकरणाची सोय आणि रात्रपाळीचा एक डॉक्टर यांची तरतूद प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात मागता येईल, आणि ती मागणी मशिदीच्या कमिटीने व देवळाच्या पंचांनी एकाच अर्जावर सह्या करून केली तर जिल्हाधिकाऱ्यांना ती नाकारणे जड जाईल.